भरती नसलेला समुद्र

महेश्वरला नर्मदेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या आम्हा माळव्यातील मंडळींचे समुद्राशी नाते पाहुण्याचे. अपवाद एकच, आमचे देवबागकर स्नेही. मालवणजवळ एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवरचे त्यांचे घर. त्यामुळे मार्सेलिसहून होडीने किनारा पाहावयाचे ठरले, तेव्हा आम्ही पाचही जणांनी त्यांनाच कर्णधार नेमले.

मार्सेलिस म्हटले की मराठी माणसाच्या ओठी जे नाव यावयाचे ते आलेच. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी टाकली ती याच बंदरात. मोठ्या बोटींच्या गोद्या उत्तरेला. आमची होडी जुन्या बंदरातून निघून दक्षिणेकडे वळली. तरी मंडळी मान वळवून बराच वेळ मागेच पाहत होती.

पुढे मात्र सर्वांची बोलतीच बंद झाली. चुनखडीचे पांढरेशुभ्र कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यांच्या फटींत घुसलेली समुद्राची निळी बोटे, आणि माती कोठून मिळते कोण जाणे, पण कड्यांना बिलगलेले पाइन. या अरुंद खाड्यांना तिकडे ‘कलांक’ म्हणतात. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने डोंगरवाटा पुष्कळदा बंद असतात, म्हणून होडी.

“भरती किती वाजता?” देवबागकरांनी नावाड्याला विचारावयास लावले. तो हसला. येथे भरती जेमतेम वीतभर!

“ओहोटीच नाही, तर कालवे काढायची कधी?” देवबागकर खरोखरच अस्वस्थ झाले. अशा समुद्रावर त्यांचा विश्वास बसेना.

मॉर्जिऊच्या भूशिराखाली नावाड्याने यंत्र थांबविले. येथे पाण्याखाली ३७ मीटरवर एका गुहेचे तोंड आहे. आंरी कोस्केर या पाणबुड्याने ती शोधली आणि १९९१ साली जगाला सांगितली. त्याच वर्षी तिच्या वाटेत तीन पाणबुडे प्राणास मुकले. आत घोडे, सील, आणि भिंतीवर टेकलेल्या हातांचे ठसे. सर्वांत जुने तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. ती माणसे चालत आत गेली होती. तेव्हा समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली आणि किनारा कित्येक किलोमीटर दूर होता. हिमयुग सरले, पाणी चढले, गुहेचा मोठा भाग बुडाला. उरलेल्या भागातही पाणी आता घोड्यांना भिजवू लागले आहे. म्हणून तिची हुबेहूब प्रतिकृती करून २०२२ साली मार्सेलिसमध्ये लोकांस खुली केली.

आम्ही माना डोलावल्या. प्रतिकृतीचे तिकीट किती, अशीही पृच्छा कोणी केली. देवबागकर मात्र होडीच्या काठावर पंजा टेकवून खाली पाहत राहिले. त्यांच्या अंगणापुढे समुद्राच्या बाजूला एका रांगेत पाच माड होते. धूपप्रतिबंधक बंधारा झाला, तरी दरसाल पावसाळ्यात किनारा खचतोच. यांनी थोरल्या भावाला इंदूरला बोलावून बोलावून हात टेकले. तो म्हणतो, माड उभे आहेत तोवर विषय काढू नकोस.

परतताना बंदर दिसू लागले तशी देवबागकरांनी घरी फोन लावला. प्रवासाचे काही नाही, प्रकृतीचे काही नाही. “यंदा कितवा?” एवढेच विचारले.

“तिसरा गेला,” भाऊ म्हणाला. यंत्र बंद होते, म्हणून आम्हा सर्वांना ऐकू आले.