कुलूप नसलेले कपाट

बदलीचा आदेश हाती पडला की धर्मगुरूचा सारा संसार एका पेटीत मावतो, असे आपले लोक कौतुकाने म्हणतात. माझ्या बाबतीत ते अर्धेच खरे ठरले. लातूरहून नांदेडला आलो तेव्हा माझे कपडे एका पेटीत मावले. पुस्तकांची मात्र चौदा खोकी झाली. ती खोकी उतरवून घेणाऱ्या हमालाने उपरण्याने घाम पुसत विचारले, “फादर, ही समदी वाचून झालीत का?”

मी किंचित अभिमानाने म्हणालो, “बहुतेक झाली.”

“मग आता कुणासाठी ठिवलीत?”

मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न खोक्यांबरोबर घरात आला आणि पुढे कित्येक दिवस माझ्या खोलीत मुक्कामाला राहिला.

माझ्या वाचनाचा आरंभ कानांनी झाला. ज्या वस्तीत माझे बालपण गेले तेथे घरोघरी पुस्तके नव्हती. महिन्यातून एकदा टपालाने ‘निरोप्या’चा अंक येई. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ येथे सुरू केलेले हे मासिक आमच्या वस्तीत एकाच घरी येत असे, पण ते साऱ्या वस्तीचे होते. संध्याकाळी लिंबाच्या पारावर आमचे मास्तर ते मोठ्याने वाचत आणि बायाबापड्या भाकरी थापण्याचे काम पुढे ढकलून ऐकत बसत. मध्येच कुणी शंका विचारी, कुणी हसे, कुणी डोळे टिपी. एकट्याने, ओठ न हलवता वाचता येते हे मला पुष्कळ उशिरा समजले.

ते समजले पुण्याच्या सेमिनरीत. संत आंब्रोज मनातल्या मनात वाचताना पाहून संत ऑगस्टिनना जे नवल वाटले, त्याचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मचरित्रात केले आहे. आमच्या ग्रंथालयात शिरताना मलाही तसेच वाटले. शेकडो ग्रंथ, वाचणारी मुले, आणि पान उलटण्याव्यतिरिक्त आवाज नाही! भोजनगृहात मात्र जुनी परंपरा होती: आम्ही जेवत असताना एक जण उभा राहून संतचरित्र वाची. पण तरुण मनाला ग्रंथालयातील शांततेचीच ओढ अधिक. मी वाचू लागलो, पुढे पुस्तके विकत घेऊ लागलो, त्यांना कव्हरे घालू लागलो. आणि गुरुदीक्षेनंतर पहिल्याच धर्मग्रामात मी एक लोखंडी कपाट घेतले. त्याला कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात असे.

सेमिनरीच्याच त्या वर्षांत एक प्रसंग घडला होता. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला असता, तर कदाचित ते कुलूप मी लावलेच नसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांची भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही काही सेमिनरीयन मदतीसाठी गेलो होतो. दिवसभर पोती वाहायची, रात्री तंबूतच पाठ टेकायची.

एका पत्र्याच्या निवाऱ्यात एक वृद्ध वारकरी बसले होते. सून आणि नातू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले नव्हते. त्यांच्या हातात मातीने भरलेली हरिपाठाची लहानशी पोथी होती. मला हाक मारून ते म्हणाले, “लेकरा, चष्मा गेला माझा. एवढं वाचून दाखव.”

मी चाचरत म्हणालो, “बाबा, मी ख्रिस्ती आहे. चर्चकडून आलोय.”

“अक्षरं येतात ना? मग वाच.”

मी वाचू लागलो. दोन-तीन ठिकाणी माझा उच्चार चुकला, तेव्हा पोथीकडे न पाहताच त्यांनी तो सुधारला. त्यांना सारे पाठ होते! न राहवून मी विचारले, “बाबा, तुम्हाला येतंच आहे, मग मला कशाला वाचायला लावलंत?” त्यांनी थोडा वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “पाठ आहे रे. पण एकट्यानं म्हणवंना.”

हे वाक्य मी पुढे अनेक प्रवचनांत सांगितले. लोकांना ते आवडे. मात्र कपाटाची किल्ली खिशातच राहिली.

आणि मग लातूर आले. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले आहे. डॉक्टर-इंजिनीयर होण्याचे स्वप्न घेऊन दूरदूरच्या खेड्यांतून मुले येथे येतात, एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत वह्या आणि गाइडे. अनेकांचे त्यात कल्याण झाले आहे. ते मी नाकारत नाही. अशाच मुलांपैकी आपल्या समाजातील एक मुलगा रविवारी मिस्साला येत असे, मागच्या बाकावर बसे आणि आटोपताच निघून जाई. एके दिवशी संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. उघड्या कपाटाकडे पाहत म्हणाला, “फादर, एखादं गोष्टीचं पुस्तक द्याल?”

त्याच्या आधी कुणी तरी नेलेले एक पुस्तक डागाळून परत आले होते आणि माझ्या मनात त्याची अढी होती. शिवाय परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर होती. मी वडीलधाऱ्या सुरात म्हणालो, “आधी परीक्षा होऊ दे. मग ये, हवी तेवढी ने.” तो “बरं, फादर” म्हणाला आणि गेला.

तो पुन्हा आला नाही. परीक्षेपूर्वीच त्याने शिकवणी सोडल्याचे त्याच्या खोलीतल्या मुलांकडून समजले. मामा येऊन वळकटी घेऊन गेला म्हणे. कुठे गेला हे कुणाला सांगता आले नाही. एका गोष्टीच्या पुस्तकाने तो थांबला असता असे मी म्हणत नाही. परंतु त्या संध्याकाळची एक गोष्ट मला फार उशिरा आठवली: मी त्याला ‘बस’ देखील म्हटले नव्हते.

नांदेडला आलो तो हे ओझे घेऊन. हे शहर ग्रंथांशी फार जवळचे नाते सांगणारे आहे. पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) याच गावचे. वाचलेले चारचौघांत बोलून तपासायचे, हा त्यांचा लौकिक आजही सांगितला जातो. आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, याच नगरीत १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवण्यापूर्वी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिले. माझ्या ओळखीचे एक शीख गृहस्थ मला हजूर साहिबला घेऊन गेले. त्या पवित्र ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मी पुस्तकात वाचले होते. त्यांनी ते माझ्या हाताला धरून सांगितले. मग मिस्कीलपणे विचारले, “बोला फादर, नामदेव महाराज तुमचे की आमचे?” परंपरा ज्या नरसीला नामदेवांचे जन्मगाव मानते ते शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले. तेथला एक शिंपी पंजाबच्या ग्रंथात जाऊन बसतो आणि काही शतकांनी तो ग्रंथ गोदाकाठी गुरू होतो! आणि एक कॅथोलिक धर्मगुरू त्याविषयी एका शीख मित्राकडून ऐकतो. माझ्या कुलूपबंद कपाटाची मला त्या दिवशी लाज वाटली.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही हेच नाही का? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हस्तलिखितांतून. भाविकांनी तो उतरवून घेतला, एकत्र बसून वाचला, ऐकला, म्हणून. कपाटाने तो राखला नाही, माणसांनी राखला.

मी कपाट चर्चच्या ओसरीत आणून ठेवले आणि कुलूप काढले. शेजारी एक वही ठेवली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर वाचनाची बैठक सुरू केली. पहिल्या वेळी बावीस माणसे आली. मी पाऊण तास ग्रंथांचे महत्त्व सांगितले. तिसऱ्या महिन्यात पाच जण उरले. तेव्हा एक निवृत्त परिचारिका बाई स्पष्टच म्हणाल्या, “फादर, प्रवचन मिस्सात ऐकलंच की आम्ही. आता आम्हाला वाचू द्या.”

मी गप्प बसलो. ती माझ्या आयुष्यातील उपयुक्त अशा मौनव्रतांपैकी एक. आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने लिहिलेला हा ग्रंथ! प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचे आणि पुस्तक शेजारच्याच्या हाती द्यायचे, एवढाच नियम. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई एकट्या पडल्या, तो भाग आला तेव्हा ओसरी शांत झाली. आपल्या आजी-पणजीने घरात भोगलेले कुणी तरी लिहून ठेवले आहे, असे त्या चेहऱ्यांवर दिसत होते.

त्या बैठकीत दोन जावा होत्या. वाटणीवरून भावाभावांत दावा चालू होता, आणि चार वर्षे या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एके रविवारी त्या नकळत शेजारी बसल्या. थोरलीचे पान संपले. पुस्तक पुढे द्यायचे होते. ती क्षणभर थबकली आणि पुस्तक धाकटीच्या मांडीवर ठेवले. धाकटीने ते डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, अक्षर लागेना. सारे वाट पाहत होते. थोरलीने स्वतःचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, “घे. एकच नंबर आहे आपला.”

मला किल्लारीचे बाबा आठवले. माझे डोळे भरून आले हे कबूल करतो.

वाचकहो, कोर्टातला दावा अजून चालू आहे. चष्म्याने वाटणी सुटत नाही. परंतु दिवाळीत एका घरचा फराळ दुसऱ्या घरी गेला, एवढे मला ठाऊक आहे. तसेच वहीतील नोंदींप्रमाणे एकोणीस पुस्तके परत आलेली नाहीत आणि एक हळदीने माखून आले आहे. मी त्याचे कव्हर बदललेले नाही. ज्या स्वयंपाकघरात ते वाचले गेले, त्याची ती मोहोर आहे.

२०२० च्या जानेवारीत, आमच्या लातूरला लागून असलेल्या उस्मानाबादेत, आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या या धर्मगुरूला मराठी वाचकाने आपले म्हटले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. त्याच महिन्यात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले होते. धर्मगुरूंनी कथा-कविता वाचाव्यात, कारण त्यातून दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची सवय लागते, असा त्याचा आशय. मी ते वाचले आणि दाराशी उभा असलेला तो मुलगा आठवला. इतकी पुस्तके वाचूनही त्याचा आवाज मला ऐकू आला नव्हता.

प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. वाचलेले समजते का, असे फिलिप विचारतो. कुणी सांगितल्याखेरीज कसे समजेल, असे तो म्हणतो आणि फिलिपला रथात आपल्याजवळ बसवून घेतो. मला हल्ली या कथेतील ते शेजारी बसणे फार महत्त्वाचे वाटते. तुमच्या घरात एखादे पुस्तक धूळ खात पडले असेल, तर ते आज रात्री कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. म्हाताऱ्यांना, लेकरांना, न बोलणाऱ्या भावाला.

त्या मुलाचा ठावठिकाणा मला आजही माहीत नाही. पण दाराशी कुणी पुस्तक मागायला आले, की आता मी आधी “बस” म्हणतो.