पायपुसण्यावरची देवी

मुलांनो, आपल्या घरात एकदा नजर फिरवा बरं! चहाचा कप, आईची पर्स, एखादं भेटकार्ड... कुठे ना कुठे तुम्हाला दोन त्रिकोण जोडून काढलेली पांढरी माणसं नाचताना दिसतील. तीच वारली चित्रकला. पालघर जिल्ह्यातल्या वारली आदिवासींची. दिसायला इतकी सोपी, की वाटतं, हे तर आपल्यालाही सहज जमेल! मलाही तसंच वाटलं होतं. त्यातून माझी जी फजिती झाली, ती आज तुम्हाला सांगते.

घरात वापरायच्या वस्तूंची डिझाइनं करणं हा माझा व्यवसाय. मी शिकून नुकतीच बाहेर पडले होते, तेव्हाची गोष्ट. एका पुस्तकात मला एक सुरेख चौकोन दिसला. चारी बाजूंना बारीक नक्षी, मधोमध एक आकृती, भोवती झाडं. मी तो तस्साच उतरवला आणि पायपुसण्यांवर छापून घेतला. चांगली ५० पायपुसणी! त्यातलं एक घेऊन मी ऐटीत डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले. तिथला एक तरुण चित्रकार माझ्या ओळखीचा होता. त्याची शाबासकी मिळवायची होती ना!

त्याच्या आजीने ते पायपुसणं जमिनीवर पसरलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाय, हिच्यावर पाय पुसायचे?"

मला काही कळेना. तेव्हा नातू म्हणाला, "ताई, हा लग्नाचा चौक आहे. आतमध्ये पालघाट देवी आहे."

वारल्यांच्या घरी लग्न असलं, की सवाशिणी गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहितात. होय, 'लिहितात'च म्हणायचं! बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं, की झाला ब्रश. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि मी त्या देवीला चपलांपाशी नेऊन ठेवलं होतं. तुमच्या देवघरातली तसबीर कुणी पायपुसण्यावर छापली, तर तुम्हाला कसं वाटेल? मी मान खाली घालून परत आले. एकही पायपुसणं विकलं नाही. साठवलेले पैसे गेले, पण त्याहून जास्त लागला तो आजीचा प्रश्न.

मग काय, ही चित्रं भिंतीवरून हलवूच नयेत? तसं नाही हं! १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने पाड्यांवर कागद नेले. गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर शेती, मासेमारी, मुंग्या असं सारं जग रंगवलं. जगभर त्यांची प्रदर्शनं झाली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले, पण आज कितीतरी वारली चित्रकार त्या वाटेने चालले आहेत. म्हणजे ही कला बदलाला घाबरत नाही. पण काय बदलायचं आणि काय नाही, हे ज्यांची कला आहे त्यांनी ठरवायचं. माझं चुकलं ते इथेच. मी विचारलंच नव्हतं.

पुढे त्याच तरुणाबरोबर मी एक गोल लाकडी डबा करायला घेतला. झाकणावर तारप्याचा नाच. दुधी भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य वाजवणारा मध्ये आणि भोवती नाचणाऱ्यांचा फेर. झाकण गोल म्हणून मी फेरही गोल मिटवून टाकला. तो हसला.

"ताई, फेर मिटवलात तर नवा माणूस शिरणार कुठून?"

खरंच की! तारप्याच्या नाचाला शेपूट असतं. येणारा त्या टोकाला हात धरून सामील होतो. मग त्याने स्वतः चित्र काढलं. ते शेपूट झाकणावरून उतरून डब्याच्या कडेवर आलं. माझ्या डिझाइनपेक्षा कितीतरी छान! डब्याच्या तळाशी त्याचं नाव आहे आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यामागे त्याचा वाटाही.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कायद्याने नाव जपलं जातं. मान मात्र आपण द्यायचा असतो.

त्या ५० पायपुसण्यांतलं एक मी कपाटात घडी करून ठेवलंय. नवं काम हाती घेताना आधी ते पाहते. तुम्हीही शाळेच्या प्रकल्पासाठी कुणाची कला उचलाल, तेव्हा पेन्सिल टेकवण्याआधी एवढंच विचारा : हे कुणाचं आहे? त्यांच्यासाठी ते काय आहे?

विचाराल ना?