कौरव मोजायचे होते!

कृष्णकमळाच्या फुलातले कौरव तुमच्यापैकी कितीजणांनी मोजले आहेत? खरं सांगा हं! 'शंभर असतात' असं सगळेच सांगतात, पण बसून मोजतं कोण?

मी मोजले होते. तेव्हा मी सातवीत होतो. साताऱ्याला आमच्या आजीच्या परसात कृष्णकमळाचा दांडगा वेल होता. तारेच्या कुंपणावरून चढून तो थेट न्हाणीघराच्या पत्र्यावर जाऊन बसला होता. श्रावणात रोज सकाळी दहा-बारा फुलं तरी उमलायची. आजी त्यातली चारच काढायची. बाकीची वेलावर राहू द्यायची.

ज्यांनी हे फूल नीट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली दहा जांभळट पाकळ्या दिसतात. खरं म्हणजे त्यातल्या पाचच पाकळ्या, उरलेली पाच निदलं. पण रंग इतका सारखा की ओळखू येत नाहीत. त्यांच्यावर बारीक दोऱ्यांची झालर. हे झाले कौरव. त्यांच्या वर पाच पुंकेसर म्हणजे पांडव. सगळ्यांत वर तीन कुक्षी, म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि मधली हिरवी गोळी? आजी म्हणायची, "तो कृष्ण. सगळ्यांच्या मधे बसून गंमत बघतोय."

मी आजीची सुई घेतली आणि एकेक दोरा बाजूला सारत मोजायला लागलो. घाई करावी लागते बरं का! कारण हे फूल जेमतेम एक दिवसाचं. सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मलूल होतं. पहिल्या फुलात मी शंभराच्या पुढे गेलो. दुसऱ्यात नव्वदीतच संपले. तिसऱ्यात मधेच शिंक आली नि आकडा विसरलो. एकाही फुलात बरोब्बर शंभर निघाले नाहीत.

पुढे वाचनालयातल्या एका पुस्तकात कळलं, की कृष्णकमळ मूळचं अमेरिका खंडातलं. तिकडे गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना याच फुलात येशू ख्रिस्ताचं क्रूसावरचं दुःख दिसलं. झालर म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा आणि तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. म्हणून इंग्रजीत त्याला पॅशन फ्लॉवर म्हणतात. इथे पॅशन म्हणजे आवड नव्हे, यातना. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात या वंशाचं नाव पॅसिफ्लोरा असं दिलं, तेही त्यावरूनच.

मी धावतच आजीकडे गेलो. "आजी, अगं, हे फूल अमेरिकेतलं आहे! महाभारतात ते असणंच शक्य नाही!"

आजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फूल आलं असेल उशिरा. पण मोजणारे तर इथलेच ना?"

या वेलावर एक पाहुणा रोज यायचा. काळाभोर, जाडजूड भुंगा. लाकूड पोखरून घर करतो तो. झालरीवर उतरून गोल गोल फिरत तो मध प्यायचा आणि वर टांगलेल्या पुंकेसरांचा पराग त्याच्या पाठीला लागायचा. पाठ पिवळी झाली की आजी म्हणायची, "आला बघ हळद लावून!" ती देवाची फुलं काढायला जायची त्याच वेळेला तो हजर. दोघांचं जमायचं चांगलं.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. सांगायला बरं वाटत नाही.

भाद्रपद लागला आणि वेलाची पानं खायला सुरुवात झाली. पानं उलटून पाहिली तर खाली सुरवंटच सुरवंट! तांबूस-तपकिरी, अंगभर काटे, एकाला एक चिकटून बसलेले. चार दिवसांत खालच्या फांद्यांच्या नुसत्या काड्या झाल्या. आजी तेव्हा मावशीकडे कोरेगावला गेली होती. मला वाटलं, ती येईपर्यंत आपण वेल वाचवायचा. शाबासकी मिळेल!

कपाटात मुंग्यांची पावडर होती. मी जुन्या पायमोज्यात ती भरली आणि सकाळी सकाळी वेलावर झटकत सुटलो. पानांवर, देठांवर, आणि हो, नुकत्या उमललेल्या फुलांवरही. दुपारपर्यंत सुरवंट टपाटपा खाली पडले. मी ते केरसुणीने गोळा करून उकिरड्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी आजी आली. मी तिला हात धरून वेलाकडे नेलं. सुरवंट एकही नव्हता. पण न्हाणीघराच्या दगडावर भुंगा उताणा पडला होता. पाठीवर पिवळा पराग होता आणि त्यावर पांढरी पावडर.

आजी मला रागावली नाही. तिने तो पानावर उचलून घेतला, तुळशीपाशी ठेवला आणि हात धुऊन आत गेली. त्या दिवशी देवाला कृष्णकमळ वाहिलं गेलं नाही. त्यानंतर आठ दिवस नाही. मी विचारलं तर म्हणाली, "विष लागलंय रे फुलांना. पाऊस पडून जाऊ दे."

एवढंच. मला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी सुरवंट पुन्हा आले. या वेळी आजीने वाटणी केली. कुंपणावरचा वेल त्यांचा, पत्र्यावरचा आपला. पत्र्याकडे जाणारे सुरवंट मी पानासकट उचलून खाली आणायचो. त्यांनी त्यांच्या वाट्याचा वेल पार बोडका केला! आणि मग एके दिवशी मीटरच्या पेटीखाली, कुंपणाच्या तारेवर, खिडकीच्या गजाला पांढुरके कोष लटकलेले दिसले. त्यांच्यावर काळी नक्षी आणि नारिंगी ठिपके. काही दिवसांनी त्यातून नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेली फुलपाखरं बाहेर पडली. टॉनी कोस्टर नाव त्यांचं. अगदी संथ उडतात. पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, कारण पकडलं तर ती घाणेरड्या वासाचा पिवळा रस सोडतात. गंमत पाहा, फुलपाखरू आपल्याकडचं आणि वेल अमेरिकेतला, तरी त्यांचं गोत्र जुळलंच!

आणि बोडका झालेला वेल? दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवागार.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते परसही राहिलं नाही. पण घर विकायच्या आधी मी वेलाची एक फांदी आणली होती. तुम्हालाही कृष्णकमळ लावायचं असेल तर तसंच करा. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी, तीन-चार पेरांची फांदी घ्या. खालची पानं काढून दोन पेरं मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. नवी पालवी जोरात वाढू लागली की मोठ्या कुंडीत, पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी हलवा. खालून पाणी वाहून गेलं पाहिजे, नाहीतर मुळं कुजतात. शेणखत घाला, पण बेताने. खताचा मारा केला की नुसती पानं माजतात आणि फुलं रुसतात. फांदीपासून केलेलं रोप म्हणजे निराळं झाड नव्हे हं, तोच वेल पुढे चालू असतो. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आहे तो आजीचाच वेल.

त्याला चढायला सुतळी बांधा आणि त्याचे ताणे बघत बसा. ताणा आधी सरळसोट हवेत चाचपडतो. सुतळी सापडली की तिला वेढा घालतो आणि मग स्वतःच्याच अंगाला पीळ देतो. पण अर्धा पीळ एका दिशेने आणि अर्धा उलट्या दिशेने, मधे थोडासा सरळ तुकडा! दोन्ही टोकं अडकल्यावर मधे एकाच बाजूला पीळ देता येत नाही. विश्वास नसेल तर दोरीची दोन्ही टोकं पक्की बांधा आणि मधे पीळ देऊन पाहा. चार्ल्स डार्विनने हे सगळं तासन्‌तास बसून पाहिलं होतं. कृष्णकमळाच्या एका भाऊबंदाच्या ताण्याला त्याने काडीने स्पर्श केला, तर अर्ध्या मिनिटात ताणा वाकू लागला.

सध्या आमच्या गॅलरीत खालच्या अंगाला एकही पान धड नाही. काल समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अहो, तुमच्या वेलाला केवढी कीड लागलीय! माझ्याकडे फवारा आहे, पाठवून देऊ का?"

मी म्हटलं, "नको, नको. तुम्हीच या ना चहाला. खिडकीच्या गजाला तीन कोष लागलेत, ते दाखवतो."


उद्या सकाळी येणार आहेत.