पाणी असेल तर

आम्ही सत्तावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिले, याची मोजदाद नाही. डावीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, उजवीकडे शर्करा आणि प्राणवायू, बाणाच्या डोक्यावर सूर्यप्रकाश. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय म्हणता, मग पीकही जास्त यायला पाहिजे ना?" आम्ही प्रसन्न झालो. डावीकडे भर पडली की उजवीकडेही पडणारच, असे ठासून सांगितले.

तेच उत्तर पुढे धाकट्या भावालाही दिले. लातूर जिल्ह्यातली वडिलोपार्जित जमीन तो कसतो. खरिपाची ज्वारी मोडून सगळे रान सोयाबीनखाली आणावे काय, या विचारात तो होता. बाजाराचा हिशेब त्याचा होता. हवासुद्धा सोयाबीनच्याच बाजूची आहे, हे शास्त्र मात्र आमचे.

ते शास्त्र अगदीच खोटे नव्हते. पानात कार्बन पकडणारे रुबिस्को नावाचे विकर थोडे गोंधळे आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते अधूनमधून प्राणवायूच धरते आणि कमावलेल्यातले काही वाया घालविते. गहू, भात, सोयाबीन यांना हा तोटा सोसावा लागतो. ज्वारी, मका आणि ऊस यांनी आपल्या पानांत रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटवून ठेवण्याची सोय केलेली आहे. त्यामुळे हवेत तो वाढल्याने त्यांना फारसे काही मिळत नाही. सोयाबीनला मात्र मिळते. १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआवर मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे.

प्रश्न असा, की हे मिळणे शेतात किती उतरते? बंद काचघरातील प्रयोगांवर विसंबून चालत नाही, कारण तिथे ना खरा वारा, ना खरे ऊन. म्हणून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शेतात २००१ पासून सोयाबीनच्या उघड्या रानाभोवती नळ्यांची कडी उभारण्यात आली. वाऱ्याची दिशा पाहून त्यांतून वायू सोडायचा आणि शतकाच्या मध्याला अपेक्षित असलेली हवा आजच तयार करायची. पहिल्या वर्षांत उत्पन्न सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. काचघरांनी दाखविलेल्या आशेहून हे कमी होते, तरी वाढ होतीच.

याच विद्यापीठात पीएचडी केलेल्या शेरॉन ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या आठ वर्षांच्या नोंदी पुढे मांडल्या. त्यांत ओली वर्षे होती, कोरडीही होती. शिवाय रानाच्या काही भागांवरचा पाऊस मुद्दाम अडविलेला होता. निष्कर्ष सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: दुष्काळ जसजसा तीव्र होतो, तसतसा वाढीव कार्बनचा लाभ घटत जातो आणि अखेर शून्यावर येतो.

समज याच्या उलट होता. कार्बन मुबलक असला की पान आपली रंध्रे थोडी मिटून घेते, पाणी वाचते, म्हणून दुष्काळात तर लाभ अधिकच व्हावा, असे मानले जाई. रानात वेगळेच घडले. हंगामाच्या सुरुवातीला ओल असते, तेव्हा जादा साखरेच्या बळावर झाड पाने वाढविते. पुढे पाऊस ओढ देतो आणि तो सगळा पानोरा पाणी मागू लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे झाडाला कोण सांगणार?

हे वाचले तेव्हा आम्हांस फळ्यावरचे आमचे समीकरण आठवले. त्यात पाणी होते. पण जेवढे साखरेत जाते तेवढेच. रंध्र उघडून कार्बन आत घेताना वाफ होऊन जे बाहेर जाते, ते त्याच्या शेकडो पट असते, आणि समीकरणात त्याला जागाच नाही. सत्तावीस वर्षे आम्ही जमेची बाजू शिकवीत होतो.

भावाला हे आमच्याआधी कळले होते. २०१५ च्या पावसाळ्यात त्याचे सोयाबीन कंबरेएवढे होण्याआधीच वाळले. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याने आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याच्या लेखी दोष पावसाचा होता, आणि तो बव्हंशी खराही होता. तरी हवेचा भरवसा त्याला आम्ही दिला होता, हे आम्ही विसरू शकलो नाही.

शेरॉन ग्रे यांना त्या निबंधावर पुढे काम करता आले नाही. तो प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०१६ मध्ये, संशोधनाच्याच एका बैठकीसाठी त्या इथिओपियात गेल्या होत्या. तिथे निदर्शने चालू होती. अदिस अबाबाबाहेर त्यांच्या मोटारीवर दगड आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आम्ही निबंध आणि ही बातमी एकाच संध्याकाळी वाचली. ज्यांना कधी पाहिले नाही, त्यांचे ऋण असे अचानक अंगावर येते.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा भावाला सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पेरू काय?" ज्वारीला भाव नाही आणि सोयाबीनला पाण्याचा भरवसा नाही. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि या वेळी ते आम्ही दिलेही नाही.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर त्याचे उत्तर दुरुस्त करून द्यायचे आहे. होय, पीक वाढेल. पाणी असेल तर.