बोट लागली

जगात अंतर मोजायची दोन मापं आहेत. एक किलोमीटरचं आणि दुसरं जाहिरातीचं. तीस वर्षांपूर्वी मी पुण्यात एक प्लॉट घेतला होता, 'स्टेशनपासून अवघ्या दहा मिनिटांवर'. कोणतं स्टेशन, हे मी विचारलं नाही आणि विकणाऱ्यानेही आपणहून सांगितलं नाही. ते उरुळीचं निघालं. त्यानंतर मी कानाला खडा लावला होता. पण कानाला लावलेला खडा फार दिवस टिकत नाही हे २०२३ साली आमच्या हाती एका आगबोटीचं रंगीत चोपडं पडलं तेव्हा कळलं. त्यात लिहिलं होतं : 'रोमहून प्रस्थान.'

रोमला समुद्र नाही, हे शाळेत भूगोलात काठावर पास झालेल्या माझ्यासारख्यालाही माहीत असायला हरकत नव्हती. पण छापलेल्या अक्षरावर आमचा फार विश्वास. पुढे कंसात बारीक टायपात एक नाव होतं, 'चिव्हितावेक्किया'. आमच्या वहिनींनी ते 'चिवडाविक्या' असं वाचलं आणि प्रवास संपेपर्यंत आमच्यात तेच रूढ झालं. या इटालियन नावाचा अर्थ 'जुनं शहर'. म्हणजे आपल्याकडची जुनी पेठच म्हणा. ते रोमच्या वायव्येला सत्तरऐंशी किलोमीटरवर आहे.

नंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं की हा या धंद्यातला रिवाजच आहे. बोटवाले 'पॅरिस' म्हणतात आणि ल आव्हरला नेऊन सोडतात, तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर. 'बर्लिन' म्हणतात ते बाल्टिक समुद्रावरचं वार्नेम्युंडे. ते तर दोनशेच्याही पुढे. त्या हिशेबाने आपल्या रत्नागिरीलाही 'कोल्हापूर बंदर' म्हणायला हरकत नाही. कोल्हापूरकर काय म्हणतील तो भाग वेगळा.

आता मुळात आम्ही बोटीच्या वाटेला का गेलो ते सांगतो. आमच्या दादाने १९७४ पासून २०१० पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं मुंबई बंदरात कारकुनी केली. कोणतं जहाज कधी लागलं, कधी सुटलं, याची नोंद रजिस्टरात करायची. हजारो जहाजं त्याने कागदावर आणली आणि कागदावर सोडली. पण स्वतः एकाही बोटीत पाऊल टाकलं नाही. कारण आमची आई. तिचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली, त्यांत तिच्या आळीतली तिघं होती. तेव्हा आमच्यापैकी कुणी जन्मलेलंही नव्हतं. पण पुढे आम्ही जन्मलो ते तिच्या एका वाक्यासकट : "मी आहे तोवर या घरातलं कुणी बोटीत चढणार नाही." सगळी दुनिया भाऊच्या धक्क्यावरून तासा-दीड तासात पलीकडे जायची आणि आम्ही एस. टी.ने पनवेल, पेण, वडखळ करत, ओकत ओकत आजोळी पोचायचो. दादा बंदरात नोकरीला लागला तेव्हा आईने त्याच्याकडून देवापुढे वदवून घेतलं, "काठावरूनच लिहीन." तो छत्तीस वर्षं काठावरूनच लिहीत राहिला.

आई त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली. त्यानंतर वर्षभराने एका रात्री जेवताना दादा आमटीकडे बघत म्हणाला, "आता बसायला हरकत नाही रे बाळ." कशात, हे कुणालाच विचारावं लागलं नाही. त्याच्या परदेशातल्या मुलीने लगेच भूमध्य समुद्रावरच्या सात दिवसांच्या सफरीची चार तिकिटं काढली. दादा-वहिनी आणि सोबतीला आम्ही दोघं. फक्त विमानतळ ते बोट हा तुकडा तिने माझ्यावर सोपवला. "काका, तेवढं तुम्ही बघा," म्हणाली. पोरगी हुशार आहे, पण काकाला ओळखण्यात कमी पडली.

बोटीच्या कंपनीची स्वतःची बस होती. विमानतळावरून उचलायची आणि थेट बोटीशी सोडायची. पण तिचे माणशी पैसे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. टॅक्सीचं नाव काढायची सोय नव्हती. आगगाडीने मात्र माणशी तेरा युरोच्या आत काम होत होतं. चौघांचे दीडशेवर युरो वाचत होते! आता तुम्हीच सांगा, सत्तरीच्या पुण्याच्या माणसाने काय करावं? सौ. म्हणाली, "आपल्या दोघांचीच गोष्ट असती तर बोलले नसते. पण दादांची बोट चुकली तर?" मी म्हटलं, "विमान साडेनऊला उतरतं, बोट सहाला सुटते. मधे काय आपण शेती करणार आहोत?"

विमान सव्वाबाराला उतरलं.

उतरताना खिडकीतून खाली एक गंमत दिसली. शेतांच्या आणि झाडांच्या मधोमध एक सहा कोनांचं तळं, पट्टीने आखल्यासारखं. मी वाचून आलो होतो, म्हणून ऐटीत सांगितलं, "दादा, ते रोमचं जुनं बंदर. क्लॉडियस बादशहाने इथे पहिलं बंदर बांधलं, आणि मग ट्रेजनने हा षट्कोनी धक्का काढला. एकोणीसशे वर्षं झाली."

दादाने नाक काचेला लावलं. "मग समुद्र कुठाय?"

"मागे गेला. टायबर नदीच्या गाळाने."

"गाळ!" दादा म्हणाला. इतकी वर्षं बंदरात काढलेला माणूस हा शब्द आपण 'मधुमेह' म्हणतो तसा म्हणतो. "आपलं सोपारा गेलं, हेही गेलं. काढणारा काढत नाही, मग दुसरं काय होणार!"

म्हणजे बघा, विमानतळाला अगदी खेटून बंदर होतं. आम्हाला पोचायला फक्त एकोणीसशे वर्षं उशीर झाला होता. त्याच ट्रेजनने चिवडाविक्याचं बंदरही बांधलं, आणि तिथे गाळ भरला नाही म्हणून आज बोटी तिकडे लागतात.

पासपोर्टाची रांग, मग सामानाचा पट्टा. आमच्या चार बॅगांतल्या तीन आल्या. चौथी, जिच्यात वहिनींच्या मेथीच्या वड्या होत्या, ती सगळे लोक निघून गेल्यावर एकटीच डुलत डुलत आली. बाहेर पडलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. कंपनीची माणसं पाट्या घेऊन उभी होती आणि तिचे प्रवासी थंडगार बसकडे चालले होते. सौ.ने त्या बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून शब्दही निघाला नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात मी असं भाषण ऐकलं नव्हतं.

आता या आगगाडीची खुबी अशी. विमानतळ समुद्राकाठी आणि चिवडाविक्याही समुद्राकाठी. एकाच किनाऱ्यावर, सरळ रेघ मारली तर पन्नासेक किलोमीटर. पण सरळ गाडी नाही. आधी समुद्राकडे पाठ करून रोमकडे जायचं, त्रास्तेव्हेरे स्टेशनवर उतरायचं, आणि दुसऱ्या गाडीने पुन्हा समुद्राकडे यायचं. ही दुसरी गाडी येताना माकारेझे नावाच्या स्टेशनवरून जाते, ते विमानतळापासून काही किलोमीटरवर! म्हणजे ठाण्याहून कल्याणला जाण्यासाठी आधी दादर गाठायचं, असा प्रकार. सगळे रस्ते रोमला जातात असं म्हणतात, ते कौतुकाने म्हणतात अशी माझी समजूत होती. ती तक्रार आहे.

त्यातही फसायची एक जागा आहे. विमानतळावरून एक झोकदार जलद गाडी सुटते. ती थेट रोमच्या मुख्य स्टेशनात, तेर्मिनीला जाते आणि त्रास्तेव्हेरेला थांबत नाही. मी तिच्यात एक पाय टाकलाही होता. पण आमची मध्य रेल्वेची सवय कामी आली. 'कुठे कुठे थांबते' हे विचारल्याशिवाय डोंबिवलीत वाढलेली आमची सौ. कुठल्याच गाडीत चढत नाही. तिने एका तरुणाला मराठीत विचारलं, त्याने इटालियनमध्ये सांगितलं आणि दोघांचं एकमत झालं. आम्ही शेजारच्या साध्या गाडीत चढलो.

म्हणजे चढणार होतो, तेवढ्यात दादा गायब. बघतो तर फलाटावरच्या एका लहानशा यंत्रापुढे तो उभा, हातात चारही तिकिटं.

"दादा, चल! गाडी सुटते!"

"शिक्का कुठाय?" दादा म्हणाला. "तिकिटावर तारीख-वेळेचा शिक्का नाही. शिक्क्याशिवाय कागदाला काय किंमत?"

"अरे, तिकीट विकत घेतलंय ना!"

"विकत घेतलेला कागद तो. शिक्का मारला की दस्तऐवज." आणि त्याने एकेक तिकीट यंत्रात सारून, वेळ नीट उमटलीय की नाही हे चष्मा वर करून चार वेळा तपासून पाहिलं. मी दातओठ खात दार धरून उभा होतो.

पुढच्या गाडीत तपासनीस आला. समोरच्या बाकावर एक दांडगा परदेशी प्रवासी होता, त्याने तिकीट दाखवलं, पण शिक्का नव्हता. इटलीत कागदी तिकीट चढण्याआधी त्या यंत्रातून उमटवून घ्यावं लागतं, नाहीतर ते तिकीट नसल्यासारखंच. त्या बिचाऱ्याने जागच्या जागी दंड भरला. आमची तिकिटं तपासनीसाने उलटसुलट पाहिली आणि मान डोलावून दादाला सलाम केल्यासारखा हात कपाळाशी नेला. वाचवलेले दीडशे युरो खरे कुणी वाचवले, या विषयावर सौ.ने तेव्हाही भाषण केलं नाही. मी आभारी आहे.

पण घड्याळ काही शिक्क्याला भीत नव्हतं. त्रास्तेव्हेरेला एक गाडी डोळ्यांदेखत गेली. दुसरी आली ती वाटेत कुठल्याशा शेतात वीस मिनिटं उभी राहिली. बोटीची दारं साडेचारला बंद होणार होती, आणि साडेतीनला आम्ही खिडकीतून इटालियन गाई बघत होतो. कंपनीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, कारण ती बस तिची आहे. आगगाडीने येणाऱ्या काकांसाठी बोट थांबत नाही, हे चोपड्यात शेवटच्या पानावर होतं, जे मी आता वाचत होतो.

"दादा," मी घसा खाकरून म्हटलं, "समजा... समजा बोट सुटलीच..."

"जहाज वेळेला सुटलं पाहिजे," दादा म्हणाला. "एकासाठी थांबवलं की सगळं वेळापत्रक कोसळतं." मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाला, "आईला बरं वाटेल."

तो हसत होता. मला हसता येईना. दीडशे युरोंना मी काय विकायला निघालो होतो, ते मला तेव्हा कळलं. पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस पुन्हा कधी एवढ्या लांब येणार? ती गाय माझ्याकडे बघत होती, आणि तिचंही मत सौ.सारखंच दिसत होतं.

गाडी हलली. सांता सेव्हेरा गेलं, सांता मारिनेला आलं, आणि डाव्या हाताला एकदम समुद्र! चार वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही चिवडाविक्याला उतरलो. समोर समुद्राकाठी भला मोठा किल्ला. त्याच्या वरच्या बांधणीत मायकेलअँजेलोचा हात होता म्हणतात. मी त्याच्याकडे बघितलंही नाही, त्याने मला क्षमा करावी. याच गावात स्तांदाल हा थोर फ्रेंच कादंबरीकार १८३१ पासून वकिलातीत होता आणि कंटाळून गेला होता. त्याच्याकडे वेळ होता.

गावातली बस पकडून बंदराच्या दाराशी आलो, तर बोट तिथून दिसतही नव्हती. तिथून बंदराची वेगळी बस! तिच्यात बॅगा फेकल्या, वहिनींना ढकललं, आणि चार वाजून बावीस मिनिटांनी आम्ही त्या दहा मजली पांढऱ्या धूडापुढे उभे राहिलो. आमच्या मागोमाग कंपनीची थंडगार बस आली. ती सगळी माणसं भरेपर्यंत विमानतळावर थांबली होती. सौ. त्या बसकडे बघून प्रथमच हसली आणि म्हणाली, "आपण आधी आलो की!" विवाहसंस्था टिकते ती अशा वाक्यांवर.

शिडीशी दादा थबकला. चपलेची धूळ त्याने पुसली, जिन्याला हात लावून तो कपाळाशी नेला आणि आत पाऊल टाकलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मी चुळबुळत विचारलं, "काय झालं वहिनी? बोट लागली?"

"अहो भाऊजी, अजून सुटली कुठे, लागायला?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

सहा वाजता आम्ही चौघं वरच्या सज्जावर उभे होतो. खाली धक्क्यावर माणसांनी दोर सोडले. भोंगा झाला. काठ आणि आपण यांच्यामधे पाण्याची एक पट्टी आली आणि रुंद व्हायला लागली. दादाने खिशातून डायरी काढली, घड्याळ पाहिलं आणि आपल्या वळणदार अक्षरात काहीतरी टिपून घेतलं. मी डोकावून वाचलं : 'सुटली ६.०७. सात मिनिटं उशीर.'

खाली धक्क्यावर एक माणूस हातात पाटी धरून काहीतरी लिहीत उभा होता. दादाने त्याला हात केला. त्यानेही वर बघून हात केला, आणि परत लिहायला लागला.

रात्री सौ.ला, वहिनींना आणि मला, तिघांनाही बोट लागली. दादा तेवढा मेथीच्या वड्या खात होता.