फोटो पाहून ‘छान’ म्हणण्याआधी



आपल्या घरांत फोटोला मोठा मान आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, बुद्धांची असते, आणि खाली कोपऱ्यात आजोबांचा एखादा पिवळा पडलेला फोटो असतो. शहरात कामाला लागल्यावर पहिल्या पगारातून स्टुडिओत जाऊन काढलेला. कित्येक घरांत त्या पिढीचा तेवढा एकच फोटो. तो चांगला आला की वाईट, हे तेव्हा कुणी विचारत नसे. आला, हेच खूप होते. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लग्न, बारसे, सहल, सगळीकडे फोटोच फोटो. आणि ते पाहून सगळे एकच शब्द बोलतात, ‘छान!’

हा शब्द ऐकायला गोड लागतो. पण त्यातून फोटो काढणाऱ्याच्या पदरात काय पडते? मी उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून काढली. आमच्याकडे तयार झालेला जॉब तपासायला दिला की तपासणारा माणूस ‘छान’ म्हणत नसे. व्हर्नियर लावायचा आणि सांगायचा, इथे एवढे जास्त आहे, तिथे एवढे कमी आहे. त्याचा राग येत नसे. कारण तो लोखंडाबद्दल बोलत असे, आमच्याबद्दल नाही. फोटोच्या बाबतीत गोष्ट एवढी सरळ नाही. फोटोत लोखंड नसते, माणूस असतो. बहुतेक वेळा आपलेच माणूस असते.

निवृत्तीनंतर मला कॅमेऱ्याचा नाद लागला. आमच्या वस्तीत असे आठ-दहा नादिष्ट आहेत. एक वायरमन आहे, एक रिक्षा चालवतो, रुग्णालयात काम करणाऱ्या एक सिस्टर आहेत, कॉलेजची दोन-तीन मुले-मुली आहेत. आणि एक काका आहेत, ज्यांनी तीस वर्षे लग्नाचे फोटो काढले. महिन्यातून एका रविवारी आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. फोनवर फोटो दाखवायचा नाही, एकच फोटो कागदावर छापून आणायचा, असे आमचे ठरलेले आहे. छापायला पैसे लागतात, म्हणून माणूस विचार करून एक निवडतो. अर्धे शिक्षण त्या निवडण्यातच होते.

दुसरी अट सिस्टरांनी घातली. ज्याचा फोटो आहे त्याने आधी गप्प बसायचे. ही अट पाळणे फार कठीण जाते. फोटो पुढे केला की तोंडातून आपोआप बाहेर पडते, ‘त्या दिवशी उजेड कमी होता’, ‘हा आमचा मामा, फार गमत्या माणूस’. पण फोटो भिंतीवर लागला की त्याच्याशेजारी उभे राहून आपण कुणाला समजावून सांगणार आहोत का? म्हणून आधी बाकीच्यांनी बोलायचे, आणि तेही काय आवडले याच्याआधी काय दिसले ते सांगायचे. डोळा पहिल्यांदा कुठे गेला, मग कुठे गेला, कुठे अडकला.

मी एकदा शेजारच्या आजींचा चहा पितानाचा फोटो नेला होता. मला त्यात त्यांचे हसू दिसत होते, म्हणून मी तो काढला होता. सिस्टर बराच वेळ पाहून म्हणाल्या, “भाऊ, या बाईंनी कप कानाला धरून उचललेला नाही. दोन्ही तळव्यांत धरलाय. यांची बोटं वळत नसावीत.” खरेच होते ते, आजींना सांधेदुखी आहे. मला आजी वीस वर्षे माहीत, पण हात सिस्टरांना दिसले. त्यानंतर मी आजींच्या हातांचे फोटो काढले, ते माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या फोटोंपैकी आहेत.

काही जण नियम सांगतात. चौकटीचे तीन भाग करा, माणूस मधोमध ठेवू नका, वगैरे. नियम कामाचे आहेत, नाही असे नाही. पण आमचा रिक्षावाला मित्र आपल्या बापाला मुद्दाम मधोमध उभा करतो. म्हणतो, “आयुष्यभर कडेलाच उभा राहिला तो.” आता यावर कोणता नियम सांगणार? चौकट पाहायचीच असेल तर फोटो उलटा धरून बघावा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे मोठे फ्रेंच छायाचित्रकार दुसऱ्यांचे फोटो असे उलटे धरून पाहत असत. उलट्या फोटोत मामा-काका ओळखू येत नाहीत, नुसते उजेड आणि अंधाराचे तुकडे दिसतात, आणि कुठे जड झाले, कुठे रिकामे राहिले, ते लगेच कळते.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

आमच्यातल्या एका मुलीने आपल्या आईचा फोटो आणला. आई नगरपालिकेत सफाई कामगार. सकाळच्या पाळीला निघताना घराच्या दारात उभी, मागे उघडे दार आणि बाहेरचा उजेड. फोटो हातोहात फिरला आणि काकांकडे आला. काका म्हणाले, “चेहरा फार काळा आलाय गं. जरा उजळ करून घे, मग चांगला दिसेल.” मुलगी काही बोलली नाही. अटच होती ना गप्प बसायची! फोटो पिशवीत ठेवला आणि पुढचे दोन रविवार ती आलीच नाही.

काका वाईट माणूस नव्हेत. त्यांचे सारे आयुष्य त्या एका वाक्यात गेले आहे. मुलीचा फोटो पाहुण्यांना पाठवायचा असला की आई-बाप स्टुडिओत येऊन सांगायचे, जरा उजळ करा. काका निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने टचिंग करत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की छापताना तेवढा भाग फिका येतो. गिऱ्हाईक खूश, पाहुणे खूश. त्या मुलीला आरशात बघून काय वाटत असेल, हे विचारायची पद्धतच नव्हती. आणि हे आपल्याकडेच होते असेही नाही. कोडॅक कंपनी १९५०च्या दशकापासून रंगीत फोटो छापणाऱ्यांना एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. त्या बाईची कातडी बरोबर छापली गेली की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात नीट येत नसत. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेले कार्ड यायला १९९०चे दशक उजाडावे लागले. म्हणजे माप आधीच कुणीतरी ठरवून ठेवले होते, आणि त्यात न बसणाऱ्यालाच सांगितले जात होते की तुझा चेहरा काळा आला.

तरी काकांच्या बोलण्यात अर्धी गोष्ट खरी होती, तीही सांगितली पाहिजे. मी तो फोटो नीट पाहिला होता. त्यात आईचे डोळे दिसत नव्हते. पण त्याचे कारण तिचा रंग नव्हे, मागचे दार होते. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा हिशेब करतो आणि सारे मिळून मध्यम करड्या रंगाइतके यावे असे बघतो. मागे लख्ख उजेड असला की तो सगळाच फोटो गडद करून टाकतो, आणि पुढचा माणूस सावलीत जातो. गोरा माणूस उभा केला तरी हेच होईल. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवले की कॅमेरा चेहऱ्याचा हिशेब धरतो. नाही तर सरळ माणसाचे तोंड दाराकडे करावे आणि आपण उजेडाकडे पाठ करून उभे राहावे. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

म्हणजे सांगायचे एवढेच होते, की उजेड पाठीमागून आलाय, आईचे डोळे दिसत नाहीत. हे ऐकून मुलगी दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोटो काढायला उठली असती. ‘चेहरा काळा आलाय’ म्हटल्यावर ती काय करणार? आईचा चेहरा कुठे बदलून आणणार?

सिस्टर तिच्या घरी गेल्या आणि तिला घेऊन आल्या. त्या रविवारी मी सगळ्यांना गॉर्डन पार्क्स यांची हकिगत सांगितली. हे अमेरिकेतले काळे छायाचित्रकार, जन्म १९१२, मृत्यू २००६. तरुणपणी रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटर होते. प्रवाशांनी टाकून दिलेल्या मासिकांतले गरीब मजुरांचे फोटो पाहून त्यांना नाद लागला, आणि गहाणवटीच्या दुकानातून त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला. १९४२ साली ते वॉशिंग्टनला सरकारी छायाचित्र विभागात शिकाऊ म्हणून आले. तिथले प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना आधी कॅमेरा ठेवून शहरात फिरून यायला सांगितले. दुकानात, हॉटेलात, सिनेमाला, सगळीकडे काळा म्हणून त्यांना नकार मिळाला. संतापून परत आले. स्ट्रायकर म्हणाले, याच इमारतीत एक सफाई करणारी बाई आहे, तिच्याशी जाऊन बोल.

त्या बाईंचे नाव एला वॉटसन. पार्क्स यांनी त्यांची कहाणी ऐकली. मग अमेरिकेच्या झेंड्यासमोर एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप अशा त्यांना उभे करून फोटो काढला. तो आज जगप्रसिद्ध आहे. पण स्ट्रायकर यांनी पाहिल्यावर काय सांगितले? कल्पना बरोबर आहे, पण यामुळे आपल्या सगळ्यांची नोकरी जाईल! आणि पुढे सांगितले, की या बाईंबरोबर अजून काम कर. पार्क्स त्यांच्या घरी गेले. नातवंडांबरोबर, घरकामात, चर्चमध्ये त्यांचे फोटो काढले. झाडू धरलेली बाई जगाला माहीत झाली, पण त्या पुढच्या फोटोंत ती आजी आहे, घर चालवणारी आहे, चार लोकांत मान असलेली आहे. मला विचाराल तर स्ट्रायकर यांच्या अभिप्रायातला पहिला भाग भीतीचा होता आणि दुसरा सोन्याचा. पार्क्स यांनी दुसरा घेतला.

आपल्याकडेही सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले, त्यांच्या कामाचे आणि घरांचेही. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मुलीने त्यांचे फोटो पाहिले होते, नाव माहीत नव्हते.

हकिगत संपल्यावर वायरमनने एक गोष्ट काढली. सहा डिसेंबरला दादरला पुष्कळ लोक मोठे कॅमेरे घेऊन येतात. त्याने पाहिलेल्या फोटोंत माणसे फुटपाथवर झोपलेली किंवा रांगेत थकून उभी. “शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांसमोर गर्दी असते, ती कुणाच्या फोटोत का नसते?” तो म्हणाला. हाही अभिप्रायच. चौकटीबाहेर काय राहिले, ते विचारणारा. थकलेली माणसे खोटी नाहीत, पण पुस्तके घेणारीही तीच माणसे आहेत.

काका त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. जाताना मुलीला म्हणाले, “बाळ, दार अर्धं लावून बघ. मग उजेड बाजूने येईल.” ही सूचना माझ्या सूचनेपेक्षा चांगली होती, कारण त्यात आईला जागा बदलावी लागत नाही.

पुढच्या महिन्यात मुलीने नवा फोटो आणला. तेच दार, अर्धे लावलेले. आईचा रंग आहे तसा, सावळा, आणि गालावर उजेडाची एक रेघ. डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग रिक्षावाला म्हणाला, “माझी नजर आधी हातातल्या डब्यावर गेली. डब्याला रबर लावलंय.”

सिस्टरांनी विचारले, “आईला दाखवलास का? ती काय म्हणाली?”

दोन्ही फोटो आईला दाखवले होते. ती म्हणाली होती, “हा नवा भिंतीला लाव. पण पहिला टाकून देऊ नको. त्यात मागं दारात उजेड दिसतोय ना, तेवढा झाला की मी निघते.”

आमच्यापैकी कुणालाच त्या उजेडात वेळ दिसली नव्हती. पुढच्या वेळी आईलाच घेऊन ये, असे सिस्टरांनी सांगितले. पण तिची सुट्टी रविवारी नसते, म्हणून सध्या आम्ही वार बदलायचा विचार करीत आहोत.