रणातले मीठ आणि हवेची तहान

उकळल्याशिवाय पाण्याची वाफ होत नाही, असा एक समज शाळा सुटल्यावरही अनेकांच्या मनात टिकून राहतो. गुजरातमध्ये कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरिया कुटुंबांना तो परवडणारा नाही. पावसाळ्याचे पाणी ओसरले की ऑक्टोबरच्या सुमारास ही कुटुंबे रणात उतरतात, विहिरी खणून समुद्राहून कितीतरी खारट असे भूजल उपसतात आणि उथळ, विस्तीर्ण मिठागरांत पसरवतात.

उथळ आणि विस्तीर्ण ही विशेषणे येथे शोभेची नाहीत. बाष्पीभवन पृष्ठभागावरूनच होते. तेच पाणी खोल टाकीत साठवले, तर उन्हाळा सरला तरी मीठ हाती येणार नाही. ऊन रेणूंना सुटण्याची ऊर्जा देते आणि वारा पाण्यावर साचलेली दमट हवा दूर सारतो. पाठ्यपुस्तक बहुधा येथेच थांबते. खरी गंमत, किंबहुना अडचण, पुढे आहे.

पाणी उडत जाते तसे उरलेले खारे पाणी दाट होते, आणि दाट होईल तसे ते आपले पाणी सोडण्यास नाखूश होते. विरघळलेल्या क्षारांमुळे बाष्पदाब घटतो. मिठाने संपृक्त झालेल्या पाण्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ७५ टक्केच असतो. म्हणजे दोहोंचे तापमान सारखे असताना हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली, की बाष्पीभवन थांबते. उलट ते खारे पाणीच हवेतील ओलावा ओढू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते याच नात्याने.

त्यात अवकाळी पाऊस आला तर? दहा मिलिमीटर पाऊस ही बातमीत एका ओळीची गोष्ट. परंतु त्यामुळे दर चौरस मीटरवर दहा लिटर गोडे पाणी पडते, आणि ते उडवण्यास सुमारे २४ मेगाज्यूल उष्णता लागते. स्वच्छ उन्हाच्या अख्ख्या दिवसात त्या जागेवर साधारण २० मेगाज्यूल ऊर्जा पोहोचते; तीही सगळी पाण्याच्या वाट्याला येत नाही, काही परावर्तित होते, काही जमीन आणि हवा तापवण्यात जाते. विरघळलेले स्फटिक पुन्हा धरायचे, ते काम वेगळेच. मार्चमध्ये अशी सर येऊन गेली, की हंगामाचे किती दिवस उरले, हे अगरिया बोटांवर मोजू लागतात.